मागे राहिलेला स्वार

चिमणी पुन्हा मागे वळली. संघदीपने लगाम खेचला, टाच मारली, तरी घोडी मान वळवून आलेल्या वाटेकडेच पाहत राहिली. मग ती लांब खिंकाळली. सागाच्या जंगलात तो आवाज दूरपर्यंत गेला. मागून उत्तर आलं नाही.

"आईले बोलावून राह्यली थे," पुढून लालसिंग म्हणाला. "थांब ना गड्या जराशीक. भाऊ येऊ दे, मंग दोघी सोबत चालतीन."

"काही गरज नाही," संघदीप म्हणाला आणि त्याने चिमणीला जबरदस्तीने पुढे काढलं.

दसरा उलटला की दिग्रसच्या आसपासची घोडी बाळगणारी मंडळी एक रविवार जंगलात घालवत. सोयाबीन घरात आलेलं असे, कापूस फुटू लागलेला असे आणि पावसाने बंद झालेल्या वाटा नुकत्याच वाळलेल्या असत. सगळ्यांत पुढे म्हातारा लालसिंग. वाट त्याच्या तांड्यावरून जाई, म्हणून मान त्याचा. बबनराव पाटलांचा ट्रॅक्टर बायकांना, कणकेला आणि गोवऱ्यांना घेऊन डांबरी रस्त्याने नदीवर पोचे. तिथे गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे जाड रोडगे भाजायचे, जेवायचं आणि ऊन उतरलं की परत फिरायचं.

चिमणी ही शेवंतीची पोर, आणि शेवंतीवर संघदीपचा थोरला भाऊ धर्मपाल बसे. त्यांचे वडील देवराव बसस्टँडवर टांगा हाकायचे. टांगे बंद झाले, देवराव गेले, पण घरातलं घोडं गेलं नाही. दोघे भाऊ वरातीला घोड्या देत आणि एकाच तबेल्यात बांधत. मागच्या वर्षी याच फेरीत संघदीपने पैजेपायी चिमणीला खडकावरून पळवलं. ती लंगडायला लागली. धर्मपालने सगळ्यांच्या देखत त्याला हाताला धरून खाली ओढलं.

"जनावर सांभाळाची अक्कल नसन तं पायी फिर," तो म्हणाला होता.

संघदीपने त्याच आठवड्यात तबेल्याच्या मधोमध भिंत घातली. तेव्हापासून दोघांत शब्द नव्हता. आज धर्मपाल रांगेच्या अगदी शेवटी होता. शेवंती आता म्हातारी झाली होती हे एक, आणि पुढे संघदीप होता हे दुसरं.

नाला ओलांडल्यावर तर चिमणीने छळच मांडला. चार पावलं पुढे टाकायची, थबकायची, कान टवकारायची. संघदीपचे तळवे लगामाने लाल झाले. प्रत्येक वेळी तिला आवरता आवरता त्याचीही मान मागे वळे. वाट रिकामी दिसे. मग तो जास्तच चिडे आणि पुन्हा टाच मारी.

नदीवर गोवऱ्यांचा धूर दिसला तेव्हा त्याला हायसं वाटलं. चिमणी पोटभर पाणी प्यायली आणि तिने काठच्या हिरव्या गवताला तोंड लावलं. बाकीच्या घोड्यांत ती मिसळून गेली. तिचं खिंकाळणं थांबलं.

विजयमालाकाकूंनी रोडगा कुस्करून त्यावर तूप सोडलं. त्या बबनरावांच्या बायको, आणि त्यांच्या हातच्या वांग्याच्या भाजीसाठी माणसं या फेरीची वाट पाहत.

"धर्मपालभाऊ नाही दिसले," त्या म्हणाल्या.

"गेला असन रस्त्यानं घरी," बबनराव म्हणाले. "मागच्या वर्षीचं त्याच्या मनातून गेलं कुठं? इथं फोनही लागत नाही, नाही तं विचारलं असतं."

सगळ्यांना ते पटलं. पानं वाढली गेली, हसणं-बोलणं सुरू झालं. संघदीपने एक घास घेतला. तो तोंडातच फिरत राहिला. तो पाणी प्यायला उठला, येऊन बसला. पुन्हा उठला, मिरची मागून आणली आणि ती पानात तशीच ठेवली. नाला ओलांडण्याआधी शेवंती मागे दिसली होती का, हे तो आठवून पाहत होता. दिसली होती. ओलांडल्यावर? तेव्हा वाट रिकामीच होती.

"बस ना बे," लालसिंग म्हणाला. "जेवताना काय उठबस?"

"घोडीले पाहून येतो."

थोड्या वेळाने टापा वाजल्या. बबनरावांनी मान वर केली. चिमणी संघदीपला घेऊन जंगलाच्या वाटेला लागली होती.

"घ्या," ते म्हणाले. "गेलीच शेवटी आईकडं."

धर्मपाल नाल्यातच होता. शेवाळलेल्या दगडावरून शेवंतीचा पाय सरकला होता आणि तो तिच्याखाली सापडला होता. घोडी उठली, त्याला उठता आलं नाही. उजवा पाय गुडघ्याखाली भलताच वळला होता. शेवंती त्याच्याजवळून हलली नव्हती.

संघदीप खाली उतरला. त्याने पाय पाहिला आणि सागाची दोन फोकं तोडली. डोक्याचा दुपट्टा सोडून त्याने पाय बांधायला घेतला.

"लालसिंगले आवाज देऊन देऊन घसा बसला माहा," धर्मपाल घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मले काहून नाही देला?"

गाठ आवळली गेली तसे धर्मपालने ओठ दाताखाली धरले. कळ ओसरल्यावर त्याने चिमणीकडे पाहिलं.

"हिनंच आणलं न तुले? सकाळपासून माघारी पाहून राह्यलती बिचारी."

संघदीपने भावाच्या काखेत हात घालून त्याला उचललं.

"थे तं मस्त चरून राह्यलती, दादा," तो म्हणाला. "इकडं याले तयारच नव्हती."