टीनाच्या बाबांचं नाव

“नाम बताइए मॅडम. वेबसाइट का नाम.”

शामकलानं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. कंपनीच्या पोरानं हे आधीही विचारलं होतं.

“टीनाचे बाबा,” ती म्हणाली. “त्यायच्याच नावानं हाये.”

“हाँ जी, पर उनका नाम क्या है?”

लग्नाच्या दिवशी नणदांनी दार अडवलं, तेव्हा एकदाच नवऱ्याचं नाव तिनं घेतलं होतं. तेही उखाण्याच्या आडोशानं, पदर तोंडाशी धरून. नंतर रेशनच्या दुकानात कोणी विचारलं की ती नवऱ्याकडे पाहायची, आणि तो हसत हसत स्वतःचं नाव स्वतःच सांगून टाकायचा.

आता तो खाटेवर होता, भिंतीकडे तोंड करून. उन्हाळ्यात लकवा झाला. हातपाय थोडे हलू लागले, वाचा गेली ती गेलीच. हाच माणूस नवेगाव बांधच्या तलावावर पाहुण्यांना पाखरं दाखवायचा. तोंडाशी ओंजळ धरून पाखरांच्या बोलीत हाक घालायचा, आणि पाण्यापलीकडच्या गवतातून पाखरू त्याला ओ द्यायचं. लांबलांबचे पाहुणे त्याचंच नाव विचारत यायचे, घरामागच्या दोन खोल्यांत उतरायचे. त्यावर घर चालायचं.

म्हणून टीनानं वेबसाइटला बाबांचंच नाव दिलं. गोंदियाला परत जाताना पोरीनं समजावलं होतं, “आई, नाव एका कंपनीकडून घेतलं, जागा दुसरीकडून. नावाले त्या जागेचा पत्ता जोडा लागते. पत्ता मी कळवला हाये. पण बाबाच्या मोबाइलवरून फोन आल्याबिगर ते जोडत नाहीत. मी पेपरले बसली राहीन. तू फक्त नाव सांगजो.”

फक्त नाव.

शामकलानं दाराबाहेर पाहिलं. शेजारची निर्मलाबाई दिसली असती तर तिच्याकडून वदवून घेतलं असतं. पण सारी गल्ली धान कापायला गेलेली. पाखरं तलावावर उतरू लागली होती. खोल्यांना कुलूप होतं. पहाटेपासून नवऱ्याला उठवा, पुसा, कूस बदला, घास भरवा, आणि त्याच्याशी बोलत राहा. डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा. ती बोलायची. अवो, जेवता का. अवो, आयकून राहिले का. सारा दिवस अवो, अवो. भिंतीकडचं तोंड वळायचं नाही. रात्री तिचा घसा दुखायचा.

“मॅडम, बोलिए, नहीं तो लाइन काटनी पड़ेगी.”

“काटू नोको बापा.” तिनं डोळे मिटले. “केवलराम.”

“सुनाई नहीं दिया. ज़ोर से बोलिए.”

ती थकली होती. लाजायलाही अंगात जोर लागतो, तो आता उरला नव्हता. पदर खांद्यावरून घसरला, तो तिनं सावरला नाही.

“केवलराम,” ती मोठ्यानं म्हणाली. उखाणा नाही, आडोसा नाही. नाव भिंतींना लागून घरभर फिरलं.

पलीकडे बटणं वाजली. फोन कानाशी धरून ती उभी राहिली.

“हो गया मॅडम. नाम जोड़ दिया है. लेकिन तुरंत नहीं खुलेगा. जवाब आने में एक-दो दिन लग जाते हैं.”

“लागू दे,” शामकला म्हणाली.

मागे खाट करकरली. ती वळली. भिंतीकडचं तोंड तिच्याकडे झालं होतं, आणि वाकडे ओठ एका जागी येण्यासाठी धडपडत होते.

“ओ,” केवलराम म्हणाला.