झेंडा लावलेली जीप

दुपारच्या आत वऱ्हाड आलं नाही तर मुलगी मिळायची नाही, असं योवानाच्या बापानं बजावलं होतं. म्हणून आमच्या दुर्मितोर डोंगरातल्या नवरदेवानं, मिलिसावनं, बर्फाच्या उतारावर जीप सुसाट सोडली.

"साखळ्या लाव रे चाकांना!" शेजारी बसलेले मामा कळवळले.

"मामा, चारही चाकं ओढतात हिची!"

"ओढतील रे, पण थांबवणार कोण?"

योवानाच्या दारात त्यानं ब्रेक दाबला. चारही चाकं एकमतानं घसरली. नवरी वर राहिली आणि लग्नाचा झेंडा लावलेली जीप खालच्या वळणावर, वुकोटाच्या अंगणात जाऊन थांबली.

"अरे, लग्नघर वर आहे!" वुकोटा ओरडला.

त्याच्या मुलीनं, दानित्सानं, डोक्याला रुमाल बांधला. "बाबा, दारी आलेला झेंडा आपल्यात रिकामा परतवत नाहीत." आणि ती जीपमध्ये चढून बसली.

परतीची वाट योवानाच्याच दारावरून होती. पण चढावर चारही चाकं अशी काही ओढायला लागली, की मिलिसावला ब्रेकची आठवणच झाली नाही.