हँडल ओढण्याआधी

स्टार्टर खाड्कन पडला आणि मसाल्याची गिरणी पुन्हा बंद झाली. सकाळपासून चौथ्यांदा.

"वहिनी, हँडल वर ढकललं की थांबायचं. मोटर वेगात आली की मगच खाली ओढायचं," वायरमन बाबर म्हणाले. "घाई केली तर मोटर जास्त करंट खेचते आणि स्टार्टर पडून वीज तोडतो. किती करंटला पडायचं, ते त्याचं सेटिंग वाढवून देऊ?"

"म्हणजे तो पडायचा नाही आणि मोटर जळेल! किती थांबायचं ते सांगा."

"ते मालकांनाच ठाऊक."

मालक म्हणजे आमचे हे. अर्धांगवायूनं घरी पडून होते, वाचाही गेली होती. रोज हँडल ढकलल्यावर ते खाली ओढेपर्यंत ह्यांचे ओठ हलायचे, एवढं मला आठवत होतं. घरच्या देवाला कधी हात न जोडणारा माणूस गिरणीत काय पुटपुटत असेल?

संध्याकाळी उशाशी बसून मी रामरक्षा म्हटली, आरत्या म्हटल्या, पाढेसुद्धा म्हटले. हे नुसते बघत राहिले. शेवटी वैतागून, ह्यांनी लग्नात घेतलेला लांबलचक उखाणा म्हटला. त्यात माझं नाव आलं, तसा ह्यांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला आणि हवेतच हँडल ओढल्यासारखा खाली आला.

सकाळी बायका मिरच्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी हँडल वर ढकललं आणि उखाणा सुरू केला. मोटरचा आवाज चढत गेला, एकसारखा झाला. "इंदुमती" म्हणत मी हँडल ओढलं. गिरणी चालू राहिली.

"अगं, स्वतःचंच नाव घेतेस होय?" रांगेतून कोणीतरी हसलं.

"ह्यांच्या वतीनं घेतेय," मी म्हणाले.