दूध उतू जातंय बघ

“यंत्रानं लिहिलंय हे, बाई. माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत.” मुख्याध्यापकांनी टॅब टेबलावरून भूगोलाच्या बाईंकडे सरकवला.

पडद्यावर सातवीतल्या एका मुलीचा निबंध होता, ‘नदीचा प्रवास’. या मुलीला अख्खा वर्ग आजीबाई म्हणायचा, कारण ती बोलायचीच तशी. ‘नदीला उतार दिसला की माहेरी निघालेल्या बाईसारखी ती मागं वळून बघत नाही,’ अशी पहिलीच ओळ होती.

इतकी वर्षं हे टॅब संगणकाच्या खोलीतल्या कपाटात पडून असायचे. आठवड्यातून एकदा बाहेर निघायचे, तेही आधी हुशार मुलांसाठी. प्रत्येक पोराला टॅब द्या, प्रत्येक विषयाला वापरू द्या, घरी नेऊ द्या, म्हणून बाईंनी वर्षभर मुख्याध्यापकांचं डोकं खाल्लं होतं. शेवटी ते हो म्हणाले, पण एका अटीवर. पहिली लबाडी सापडली की सगळे टॅब परत कपाटात. आज त्या कपाटाची किल्ली टेबलावर काढून ठेवली होती.

“कागदावर हिच्या चार ओळी व्हायच्या, त्याही कोंबडीच्या पायांनी लिहिल्यासारख्या,” मुख्याध्यापक म्हणाले. “आणि आता एकदम दोन पानं?”

“ती बोलते सर, आणि टॅब लिहून घेतो. पोरीचा हात अडायचा. तोंड कधी अडलंय का तिचं?”

“हे कशावरून?”

बाई देवाचं नाव घेत पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या. दुसऱ्या पानावर त्यांची नजर अडकली आणि त्या चक्क खो खो हसत सुटल्या.

‘डोंगर उतरताना नदीचा वेग आई दूध उतू जातंय बघ खूप वाढतो.’

“वाचा सर! यंत्राच्या घरी दूध उतू जातं होय?”

मुख्याध्यापकांनी वाचलं आणि तेही हसले. टॅबनं जे कानावर पडलं ते सगळं लिहून घेतलं होतं, स्वयंपाकघरासकट. बाईंना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी समोरचा गार चहासुद्धा आनंदानं पिऊन टाकला.

पण मुख्याध्यापकांचं हसू मध्येच थांबलं.

“बाई, त्या घरात ‘आई’ म्हणून हाक कोण मारणार?”

“मुलगीच की.”

“म्हणजे मुलगी दुधापाशी. मग निबंध कोण सांगत होतं?”

“निबंध सांगता सांगताही दिसू शकतं की दूध,” बाई म्हणाल्या. पण त्यांचं त्यांनाच ते पटेना.

आजीबाईला बोलावलं. तिच्या पाठोपाठ अर्धा वर्ग येऊन दाराला कान लावून उभा राहिला.

“दूध उतू जातंय, असं कोण ओरडलं गं?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

तिनं एकदा दाराकडे बघितलं. तिचे कान लालबुंद झाले.

“निबंध माझा आहे. शब्दन् शब्द माझा,” ती म्हणाली. “त्या दुधाचं मात्र मी मेले तरी सांगणार नाही.”

झालं! दुसरी एखादी असती तर काहीतरी थाप मारून मोकळी झाली असती.

“चोराच्या मनात चांदणं,” मुख्याध्यापकांनी किल्ली उचलली. “शाळा सुटली की टॅब जमा करा. आणि हिच्या आईला बोलावून घ्या.”

दुपारच्या तासाला बाईंना वर्गाकडे बघवेना. मागच्या बाकावरची पोरं, जी नकाशाचं नाव काढलं की जांभया द्यायची, ती आज नदीवर बोट ठेवून तिचा उगम शोधत होती. त्यावरून दोघांची भांडणंही चालली होती. उद्यापासून परत फळा आणि खडू. आजीबाईच्याही परत चारच ओळी. बाईंना रडू येत होतं आणि त्या पोरीचा रागही येत होता. लबाडी करायची तर निदान दुधाकडे लक्ष द्यायचं होतं!

शाळा सुटली आणि दारात मुलीचे वडील उभे राहिले. वायरमन माणूस, खिशात पेचकस, हात पँटला पुसत आत आले. मुलगी बाहेर व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“आम्ही तिच्या आईला बोलावलं होतं,” मुख्याध्यापक म्हणाले.

“ती माहेरी आहे, सर. सासूबाई पडल्या, पाय मोडलाय त्यांचा. महिना होत आला तिला जाऊन.”

बाई खुर्चीत ताठ बसल्या. निबंध तर मागच्या आठवड्यातला होता.

“महिना?” मुख्याध्यापकांचा किल्लीचा हात तसाच राहिला. “मग घरी दूध कोण तापवतं?”

“मीच तापवतो आणि मीच घालवतो,” वडील ओशाळून हसले. “का हो?”

“आणि घरात दुसरं कोणी बाईमाणूस?”

“कोणी नाही. मी आणि ही पोर, दोघंच.”

बाई आणि मुख्याध्यापक एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. वडिलांना काही उमजेना. शेवटी ते व्हरांड्याकडे वळले आणि त्यांनी लेकीला हाक मारली.

“आई, आत ये बघ जरा. काय विचारतायत हे?”