नऊ फुटांची वाट

बांबूचं बेट जवळ आलं तसे नागोजीरावांनी पिकअपचे दोन्ही आरसे आत मिटवून घेतले. पिरियापट्टणच्या पुढं डांबरी रस्ता सुटल्यापासून तासभर ते त्या धुडाला मुंगीच्या पावलांनी पुढं नेत होते. कृष्णमूर्तींनी परदेशातून मागवलेली ही पिकअप लॉरीएवढी रुंद होती. दोन्ही बाजूंनी घाणेरीची झुडपं काचेपर्यंत आली होती, पण गाडीच्या अंगाला अजून एक पानही लागलं नव्हतं.

मागच्या सीटवर विद्याश्री वही घेऊन बसली होती. वाट अरुंद झाली की खाली उतरायचं, टेप लावायची, आकडा लिहायचा, हे तिचं काम. तासभर चढउतार करून तिच्या पोटऱ्यांत गोळे आले होते. सगळ्यात कमी रुंदी आतापर्यंत नऊ फूट भरली होती.

"ठीक चाललंय की, नागोजीराव," शेजारी बसलेले कृष्णमूर्ती म्हणाले. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या शिंप्याच्या घरातला हा माणूस आता रानाच्या कडेला रिसॉर्ट चालवत होता, आणि विद्याश्री त्यांच्याच ऑफिसात होती. "वाट आणि ड्रायव्हर, आज दोन्ही ठरवून टाकायचं. सफारी इथनंच न्यायची माझ्या मनात आहे."

नागोजीराव म्हणजे विद्याश्रीचे अप्पा, आणि वर्षभर भीड घालून तिनंच त्यांच्यासाठी ही संधी मिळवली होती. तंबाखूच्या लॉरीवरची नोकरी सुटल्यापासून ते लष्कर मोहल्ल्यात, गल्लीतल्या साकेतच्या गॅरेजसमोर दिवस दिवस नुसते बसून असायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सुम्ने बसलोय." आज जमलं, तर अप्पा पुन्हा माणसांत येणार होते.

जमणार याची तिला खात्री होती. अप्पांच्या घराण्याच्या पाच पिढ्या म्हैसूरच्या घोडदळात गेल्या. घोड्याच्या अंगावर ओरखडा, तर स्वाराच्या तोंडाला काळं, हे वाक्य तिनं पाळण्यात ऐकलं होतं. घोडे गेले, लॉऱ्या आल्या, पण चाळीस वर्षांत अप्पांनी एका गाडीचा रंग उडवला नव्हता.

पुढं दहा-बारा झोपड्यांची हाडी लागली, रानातल्या लोकांची वस्ती. वाटेवरच नाचणी वाळत घातली होती. नागोजीरावांनी ब्रेक दाबला. एक म्हातारी उठली, झाडूनं धान्य एका बाजूला लोटू लागली. लोटता लोटता कंबरेवर हात ठेवून थांबली आणि पुन्हा लोटू लागली.

"रोज किती गाड्या येणार?" नागोजीरावांनी विचारलं.

"बारा. येऊन-जाऊन चोवीस धरा," कृष्णमूर्ती घड्याळ बघत म्हणाले. "चला, रस्ता झाला."

गाडी पुढं सरकली. विद्याश्रीनं मागं वळून बघितलं तेव्हा म्हातारी धुळीत बसून धान्य पुन्हा पसरत होती. नागोजीरावांनी डोळे चोळले, पाण्याची बाटली मागितली. घोट घेताना थोडं पाणी शर्टावर सांडलं.

"अप्पा, दमलात काय? स्वल्प थांबू या?"

"बेडा, नको. चालतंय."

दुसऱ्याच वळणावर पिकअपचा उजवा दरवाजा सागाच्या बुंध्याला कर्रकन घासला.

पुढच्या ओढ्यात चाक घसरून रुतलं, ते काढण्यात पाऊण तास गेला. नंतर मागचा बंपर दगडावर आपटला. परतताना डाव्या बाजूला चाकापासून दिव्यापर्यंत लांबच लांब ओरखडा उठला.

"निधान, अप्पा! हळू!" ती ओरडली. मग तिलाच लाज वाटली. मालकासमोर बापाला गाडी शिकवायची वेळ आली होती.

"आरसे मिटवून ही तऱ्हा!" कृष्णमूर्तींचा पारा चढला. "वही आण इकडं. नऊ फूट! कागदावर नऊ फूट असेल, पण असल्या वाटेवर पाहुणे घेऊन कोण मरणार? साकु, पुरे झालं. सफारी तळ्याच्या बाजूनं नेऊ. ही वाट काट."

विद्याश्रीनं काट मारली.

"आणि राग मानू नका नागोजीराव, वय झालं. तुम्ही आता घरीच बरे."

"खरं आहे," नागोजीराव म्हणाले.

म्हैसूरला पोचल्यावर मंडी मोहल्ल्यात घराशी उतरताना कृष्णमूर्तींनी गाडीकडं बघितलंही नाही. "तुमच्या साकेतकडं टाका. दरवाजा ठोकून घ्या, रंग मारा," एवढं सांगून ते आत गेले.

लष्कर मोहल्ल्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. साकेतचं गॅरेज त्यांच्याच गल्लीच्या टोकाला होतं. आत गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणजे उलटीच न्यावी लागणार. गणपतीच्या मांडवासाठी दरवर्षी मोजली जाणारी ही गल्ली साडेआठ फूट होती.

विद्याश्रीला रडू येत होतं. अप्पांची नोकरी गेलीच होती, आता शेजाऱ्यांसमोर शोभा व्हायची राहिली होती. नागोजीराव खाली उतरले, दरवाज्यावरच्या ओरखड्यावरनं घोड्याच्या मानेवरनं फिरवावा तसा हात फिरवला. मग तिठ्यावरच्या टपरीतनं चहाचा ग्लास घेऊन पुन्हा चढून बसले. आरसे बाहेर काढले.

"अप्पा, मी मागं उभी राहून हात दाखवते. आरसे तरी मिटवा, दोन बोटंसुद्धा जागा नाही!"

"तू घरी जा गं पोरी. दिवसभर चढउतार करून दमलीस."

उजव्या हातात चाक, डाव्या हातात चहा. इस्त्रीवाल्याची चूल, जिन्याच्या पायऱ्या, दारातली तुळस अशी एकेक मागं टाकत पिकअप उलटी, एका दमात, साकेतच्या दारापर्यंत गेली. कुठंही टेकली नाही. ग्लासातला चहासुद्धा सांडला नाही.