चार टक्के नकार

सकाळी नऊ वाजता लितियाने नावुनिवीच्या सभाघरात तक्ता लावला. गाव टेकडीवर हलवायचं का, याचा कौल त्यात होता. हो : शहाण्णव टक्के. नाही : चार टक्के.

दर उधाणाला समुद्र चुलींपर्यंत येत होता. दुपारच्या बोटीने सरकारी माणूस उत्तर न्यायला येणार होता. पण गावप्रमुख रातू नाइवालूंनी आधीच सांगितलं होतं, एक घर जरी नाही म्हणालं तरी कोणी हलणार नाही.

“घरं पंचवीस. म्हणजे चार टक्के म्हणजे एकच घर,” लितिया म्हणाली. सुवा शहरातल्या कार्यालयात ती असेच तक्ते करत असे.

“कुठलं?” रातूंनी विचारलं.

“नावं घेतलेली नाहीत, रातू.”

“नाव नको, पोरी. दार दाखव. मी स्वतः जाऊन समजूत काढतो.”

लितियाने वडिलांकडे पाहिलं. अपेनिसा गावचे कारभारी. दारोदार जाऊन उत्तरं त्यांनीच गोळा केली होती. टेकडीवरची झाडी तोडायला पहिला कोयताही त्यांनीच चालवला होता. ते खांबाला टेकून चटईकडे बघत होते.

“अंगणात कबरी असलेली घरं ब्याण्णव टक्के,” तिने तक्त्यातल्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं. “त्या सगळ्यांनी हो म्हटलंय. म्हणजे नकार उरलेल्या आठ टक्क्यांतला. दोन घरं, कबर नसलेली.”

“कबरीवाले निघाले आणि बिनकबरीवाला अडून बसला?” मेरेओनी आत्या हसली. “अगं, तक्ता उलटा टांगलास की काय!”

सगळ्यांच्या माना पाद्री इलाइतियांकडे वळल्या. ते लाउ बेटांवरून आलेले.

“माझी मेलेली माणसं तिकडे आहेत, खरंय,” पाद्री म्हणाले. “पण मी हो म्हटलंय बाबांनो. प्रार्थनेला बसलो की गुडघे भिजतात.”

“मग दुसरं घर?”

कोणालाच आठवेना. लितिया बाहेर गेली, गावभर फिरून परत आली. तिचा चेहरा उजळला होता.

“छपरं चोवीसच आहेत! बाबा, एक घर जास्त मोजलंय तुम्ही. चोवीसच्या चोवीस हो म्हणालेत, रातू. नकार नाहीच कुणाचा.”

कोणी टाळी वाजवली नाही.

“छपरं काय मोजतेस?” आत्या हळूच म्हणाली. “शहरात राहून विसरलीस. जोत्याला नाव आहे तोवर आपण घर धरतो. वर छप्पर असो, नसो.”

नाव असलेलं, बिनछपराचं जोतं गावात एकच होतं. लितियाच्या भावाने, वेरेतीने, लग्नाआधी स्वतःच्या हाताने रचलेलं. छप्पर चढायच्या आत तो मासेमारीला गेला. होडी सापडली, तो सापडला नाही. म्हणून कबरही नव्हती.

“पण बाबा,” तिचा आवाज खाली आला, “तिथं उत्तर द्यायला होतं कोण?”

अपेनिसांनी पहिल्यांदाच मान वर केली.

“कोणी नव्हतं,” ते म्हणाले. “आपल्या घराचा होकार मी दिला. त्याच्या घराचा होकार, त्याला न विचारता, मी कसा देऊ?”