इसेचा मऊ उदोन

“हे शिजवलंय की बुडवून मारलंय?”

शिगेनोरीने काड्यांनी उचललेला उदोन मधेच तुटून पुन्हा वाडग्यात पडला. करंगळीएवढ्या जाड, पांढऱ्याफटक, लिबलिबीत नूडल्स. रस्सा नाहीच. तळाला काळ्याभोर सोयाचा ओलावा आणि वर चिमूटभर कांद्याची पात. इसेच्या देवळाला येऊन हे खाल्लं नाही तर यात्रा फुकट, असं गाडीत कुणीतरी सांगितलं, म्हणून तो बाबांना घेऊन इथे शिरला होता. आता त्याचं टाळकंच सरकलं. तो सानुकीचा, चिवट उदोनसाठी नावाजलेल्या मुलखाचा. तिकडे त्याचं स्वतःचं उदोनचं दुकान होतं, बाबांनी चाळीस वर्षं चालवून त्याच्या हाती दिलेलं.

“अहो बाई, किती वेळ उकळता हे?”

“तासभर,” शेजारचं टेबल पुसत मालकीणबाई म्हणाल्या.

“तासभर! आमच्याकडे पंधरा मिनिटांवर एक मिनिट गेलं तरी टाकून देतो आम्ही. पायांनी पीठ तुडवून तुडवून त्यात जीव आणायचा, आणि तुम्ही तो उकळून घालवता?”

“पूर्वी लोक आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस चालत यायचे देवाला. अंगात त्राण नसायचं. त्यांना काय वाडग्यात कुस्ती खेळायला लावायची?” बाईंनी फडकं झटकलं. “आणि दातांचा एवढा माज असेल, तर घरचंच खायचं होतं.”

माज! शिगेनोरीच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. याचा निकाल लावायला एकच माणूस हवा होता, आणि तो समोरच बसला होता. सबंध सानुकीत बाबांच्या तोकुजिरो या नावाला मान होता. मऊ उदोन मागणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी एकदा भर दुपारी दुकानाबाहेर काढलं होतं. पोराची मात्र त्यांनी कधी तोंडभरून स्तुती केली नाही. मागच्या थंडीतल्या दुखण्यापासून तर ते रोज अर्धा वाडगा टाकायचे आणि म्हणायचे, “भूक नाही.” शिगेनोरीला ते झोंबायचं. आपला हात बाबांना पसंत नाही, हे त्याने मनाशी धरलं होतं. बाबा जितकं जास्त टाकत, तितकं तो दुसऱ्या दिवशी पीठ जास्त तुडवायचा.

“बाबा, तुम्हीच सांगा यांना उदोन कशाला म्हणतात ते!”

बाबांचा वाडगा रिकामा होता. त्यांनी शिगेनोरीचा वाडगा पुढे ओढला होता आणि ते खाली मान घालून खात होते. भराभर, तोंडाला काळं लागेस्तोवर.

“काय करताय?”

“तू खात नाहीयेस ना.”

“हे? तुम्ही हे खाताय? तुमच्या जिभेला झालंय काय?”

“जिभेला काही नाही झालं.” बाबांनी घास गिळला. “हे उतरतं रे.”

“म्हणजे?”

“घशाखाली उतरतं. आपलं अडकतं. वर्ष झालं.”

उदोन चावत बसायचा नसतो, घशाने पारखायचा असतो, हे त्याला बाबांनीच शिकवलं होतं. शिगेनोरी असा ओरडला की चारही टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली.

“वर्षभर! वर्षभर माझ्या दुकानात उपाशी राहिलात? आणि मी येडा, जास्तच तुडवत राहिलो! एका शब्दाने सांगता येत नव्हतं? तोकुजिरोला त्याच्या पोराने उपाशी ठेवलं असं सानुकीत कळलं, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील!”

“आणि तोकुजिरोला उदोन गिळवत नाही असं कळलं असतं, तर?” बाबा म्हणाले, आणि त्यांनी वाडगा तोंडाला लावला.